खिसा म्हटलं की हात खिशात

माझे सासरे भित्रे आहेत. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. ते स्वतःच नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत सांगून टाकतात, "मी भित्रा माणूस आहे. घाई असेल तर दुसरं गॅरेज बघा." बरीच गिऱ्हाइकं खरंच दुसरं गॅरेज बघतात.

लिफ्टमध्ये ते शिरत नाहीत. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी स्वयंपाकघरातून बाहेर पडतात. सासूबाई म्हणतात, "लग्नाच्या फोटोत बघा, फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला तर हे माझ्या मागे लपलेत." आणि असा हा माणूस गेली कित्येक वर्षं हायब्रिड गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो. त्या बॅटरीतली वीज घरातल्या विजेसारखी झटका देऊन सोडत नाही, धरून ठेवते. मी एकदा विचारलं, "बाबा, एवढी भीती वाटते तर हेच काम का घेतलंत?" ते म्हणाले, "जावईबापू, न घाबरणाऱ्यांनी घेतलं होतं ना आधी. त्यांच्याच जागा रिकाम्या झाल्या." मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "गंमत केली." गंमत होती की नाही, ते मला आजही कळलेलं नाही.

गॅरेज घराच्या खालीच आहे. दोन गाड्या मावतील एवढी जागा, भिंतीला अवजारांचा फळा, कोपऱ्यातून वर घरात जाणारा लोखंडी जिना. काम करणारी माणसं तीन : सासरे, त्यांची मुलगी म्हणजे माझी बायको, आणि मी. माझं शिक्षण मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक्सचं, त्यामुळे स्कॅनर माझ्याकडे. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनरची वायर खोचली की गाडी आपलं दुखणं पडद्यावर मांडते : बॅटरीच्या कुठल्या भागात विजेचा किती दाब आहे, कुठला पंखा फिरत नाही, कुठला रिले नीट सुटत नाही. रिले म्हणजे बॅटरीच्या दारावरचा राखणदार. गाडी बंद केली की त्याने दार लावायचं, म्हणजे वीज बॅटरीतच राहते आणि पुढच्या जाड नारिंगी केबलमध्ये येत नाही.

पण सासऱ्यांचा राखणदारावर विश्वास नाही. म्हणून प्लग. डिकीत बॅटरीच्या अंगाला मुठीएवढा नारिंगी प्लग असतो. तो उपसला की बॅटरीची साखळी मधोमध तुटते. ज्याने प्लग उपसला त्याने तो काम संपेपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरा कुणी चुकून परत बसवणार नाही. हा नियम सगळीकडेच आहे. आमच्याकडे त्याला सासऱ्यांनी जोडलेलं एक शेपूट होतं. त्यांनी "खिसा" म्हटलं की गॅरेजमधल्या प्रत्येकाने, असेल तिथे, असेल तसं, दोन्ही हात आपापल्या खिशात घालायचे. कारण विचारायचं नाही. कारण नंतर.

शेजारचा टायरवाला याची फार मजा घ्यायचा. रस्त्यावरून जाताना ओरडायचा, "खिसाकाका, हात खिशात, मग नाक कशाने पुसू?" भिंतीवर सासऱ्यांनी फायबरचा एक लांब दांडा टांगलाय, टोकाला वाकडी आकडी. विजेला चिकटलेल्या माणसाला हात न लावता ओढून काढायला. टायरवाला तो बघून म्हणायचा, "काका, फळं पाडायला निघालात?" सासरे हसायचे. पण दर महिन्याला एकदा आम्हाला त्या आकडीने एकमेकांना ओढायला लावायचे, कमरेला अडकवून, जमिनीवर धपकन पडेपर्यंत.

बायकोला या "खिसा"चा लहानपणापासून तिटकारा. ती चालायला लागली तेव्हापासून सासऱ्यांनी ते शेगडीपाशी, बटणांपाशी वापरलं. शाळेत तिच्या फ्रॉकला खिसा नव्हता म्हणून सासूबाईंनी शिवून दिला. मैत्रिणींसमोर, रस्ता ओलांडताना, "ठकी, खिसा!" तिला घरात ठकी म्हणतात.

ज्या दिवसाचं मी सांगतोय त्याच्या आदल्या संध्याकाळी ठकीने जेवताना सांगितलं की शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये तिला नोकरी लागली आहे, लवकरच जायचं आहे.

"तिथे हातमोजे कुठले देतात?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, अभिनंदन म्हणतात आधी."

"अभिनंदन. हातमोजे कुठले देतात?"

तिने पोळी ताटात टाकली. "हेच! याच्यासाठीच जातेय मी. तिथे कुणी माझ्या मानेवर बसून खिसा-खिसा करणार नाही. परीक्षा दिली आहे मी, पास झाले आहे. मला कळतं कुठे हात घालायचा. उद्यापासून तुम्ही मला एकदाही खिसा म्हणायचं नाही. म्हटलंत तर मी ऐकणार नाही. सांगून ठेवते."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे बघितलं. सासऱ्यांनी तिच्या ताटात भाजी वाढली. मग म्हणाले, "बरं. ठरलं."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी शब्द पाळला. ती बॅटरीचं झाकण एका हाताने धरून दुसऱ्या हाताने बोल्ट शोधत होती, तेव्हा मी त्यांचे ओठ हललेले पाहिले. आवाज बाहेर आला नाही.

अकराच्या सुमाराला एक टॅक्सीवाला आला. उंच, हसरा, घाईत. त्याच्या हायब्रिडच्या काचेखाली लाल त्रिकोण पेटला होता.

"मागच्या आठवड्यात पण लागला होता," तो म्हणाला. "एकाने घालवून दिला. आज परत. पण गाडी पळते हो, नुसता दिवाच लागतो."

"घालवला म्हणजे काय केलं त्याने?" सासऱ्यांनी विचारलं.

"मला काय माहीत? डिकीत डोकं घालून बसला होता तासभर. झालं म्हणाला."

मी स्कॅनर जोडला. नोंद एकच सापडली : रिलेबद्दल शंका, खात्री नाही. बाकी पाटी कोरी. जुन्या गाडीची पाटी इतकी कोरी नसते. कुणीतरी नुकत्याच सगळ्या नोंदी पुसलेल्या होत्या. मी तसं सांगितलं. सासऱ्यांनी मान हलवली आणि टॅक्सीवाल्याला बाहेरच्या बाकावर बसवलं.

मग नेहमीप्रमाणे सगळं. गाडी बंद. सासऱ्यांनी हातमोजे चढवून प्लग उपसला, आम्हाला दाखवला, खिशात घातला. पुढे इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या पेटीत, साठलेली वीज विरायला वेळ लागतो, तेवढं थांबलो. त्यानंतर ठकीने बॉनेट उघडून इन्व्हर्टरचं झाकण काढायचं आणि मीटर लावून वीज शून्य आहे ना ते बघायचं, असा क्रम. मीटर लावायच्या आधी कशालाच हात लावायचा नाही.

सासऱ्यांची आणखी एक खोड होती. प्लग काढल्यावर ते मला चावी अर्धी फिरवून स्कॅनरवर एक ओळ बघायला लावत. प्लग जागेवर आहे की नाही, हे गाडीला स्वतःला कळतं आणि ती ते पडद्यावर सांगते. "आपण काढला हे आपल्याला माहीत. तिला माहीत आहे का, विचारा," असं ते म्हणत. ठकीला हा शुद्ध वेळेचा अपव्यय वाटायचा. प्लग खिशात आहे, डोळ्यांनी दिसतोय, मग गाडीला काय विचारायचं?

तर मी चालकाच्या सीटवर बसून चावी अर्धी फिरवली. समोर बॉनेट उघडं, त्यामुळे काचेतून काही दिसत नव्हतं. बॉनेटच्या खाली एक आडवी फट तेवढी होती, आणि त्या फटीत ठकीचे हात. फक्त हात. झाकणाचे बोल्ट बारीक असतात, जाड हातमोज्यांत येत नाहीत, म्हणून तिने मोजे काढून बाजूला ठेवले होते. झाकण उचललेलं दिसलं. मग काहीतरी टणकन वाजलं.

"अरे देवा," तिचा आवाज आला. "बोल्ट आत पडला."

मी पडद्याकडे बघितलं.

*प्लग : जागेवर.*

पहिल्यांदा मला वाटलं, जुनी ओळ राहिली असेल, पडदा अडकला असेल. मी बटण दाबून ताजी करून घेतली. *जागेवर.* खाली दुसरी ओळ : इन्व्हर्टरकडचा दाब. तिथे शून्याच्या आसपास काहीतरी असायला हवं होतं. दोनशे व्होल्टच्या वर आकडा होता, आणि तो शेवटच्या घरात जरासा वर-खाली होत होता. जिवंत विजेचा आकडा असाच हलतो.

"बाबा," मी म्हणालो. "प्लग कुठे आहे?"

ते डिकीपाशी होते. "खिशात."

"गाडी म्हणतेय जागेवर आहे. आणि पुढे दोनशे दाखवतेय."

आरशात मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांनी खिशातून प्लग काढला, तळहातावर धरला, त्याच्याकडे बघितलं. एवढी वर्षं ज्याच्यावर हात ठेवून हा माणूस श्वास घेत आला, तो नुसता एक नारिंगी तुकडा होता. साखळी तुटलेलीच नव्हती.

फटीत ठकीची बोटं खाली जात होती. उघडी बोटं. पडलेली वस्तू उचलायला हात जातो तसा, सहज. तिचं लक्ष बोल्टकडे होतं, माझं बोलणं बॉनेटच्या पलीकडे तिला ऐकूच गेलं नव्हतं.

मला किंचाळायचं होतं. ओरडलो तर ती दचकेल, दचकली तर हात कुठे जाईल, हे त्याच क्षणी समजलं. दार उघडून पळालो तर गाडी हलेल. मी त्या सीटवर तसाच बसून राहिलो. बायकोच्या बोटांखेरीज मला जगात काही दिसत नव्हतं, आणि त्या बोटांवर लहानपणी जखमेत शाई गेल्याने राहिलेला निळा ठिपका दिसत होता.

सासरे पळाले नाहीत. ते गाडीच्या बाजूने चालत पुढे आले, तिला दिसतील एवढं, आणि थांबले. एरवी काच फुटली तरी उडी मारणारा माणूस. आवाज अगदी हळू होता, जणू मीठ मागताहेत.

"ठकी. खिसा."

बोटं थांबली. होती तिथेच थांबली, आत.

"बाबा," ती म्हणाली. "आपलं काल ठरलंय ना?"

"ठरलंय."

"मग? बोल्ट उचलतेय फक्त. समोर दिसतोय."

"हो. असू दे."

"मी सांगितलं होतं, ऐकणार नाही म्हणून."

"सांगितलं होतंस." त्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता, तो त्यांनी पुसला नाही. "एकदाच, ठकी. यानंतर कधी म्हणणार नाही. मरेपर्यंत नाही म्हणणार. कारण नंतर."

बाहेर बाकावर टॅक्सीवाला फोनवर कुणाशी तरी हसत होता. ती रागावलेली आहे हे मला तिच्या नुसत्या मनगटावरून कळत होतं. मग मनगट वर आलं. एक सुस्कारा ऐकू आला, आणि दोन्ही हात फटीतून नाहीसे झाले.

"घ्या," ती म्हणाली. "खिशात. आता सांगा."

सासरे तिथेच खाली बसले. त्यांनी बसल्या बसल्या माझ्याकडे हात केला. "तू ये. मोजे घाल. मीटर तू लाव." मला ते कधी 'तू' म्हणत नाहीत.

मी मीटर लावला. त्याने स्कॅनरचाच आकडा दाखवला. बोल्ट दोन नारिंगी केबलींच्या मधल्या खाचेत पडला होता. दोन्ही बाजूंना उघडी टोकं. त्याला उचलायला जाणारी बोटं दोन्हींना लागल्याशिवाय राहिली नसती.

ठकीने मीटर वाचला. मग मला म्हणाली, "परत लाव." मी परत लावला. ती मागे सरकत सरकत भिंतीला टेकली.

डिकीतलं झाकण उघडल्यावर कारण सापडलं. प्लगची बैठक कधीतरी जळली होती. ती बदलायची सोडून आधीच्या मेकॅनिकने आतून तांब्याची जाड पट्टी आडवी ठोकून साखळी कायमची जोडून टाकली होती. गाडीने तक्रार करू नये म्हणून प्लगची खूण सांगणाऱ्या दोन बारीक वायरीही एकमेकींना पिळून ठेवल्या होत्या. आणि दारावरचे रिले दार उघडं ठेवूनच चिकटलेले. तीन राखणदार, तिन्ही मेलेले, आणि पाटी पुसून स्वच्छ. दिवा गेला होता खरा.

आता ती पट्टी काढायला हवी होती. वीज चालू असताना. पाना जरा सरकून बाजूच्या टोकाला लागला तर विजेचा लोळ कसा उठतो, हे आम्हा तिघांनाही शिकल्यापासून पाठ होतं.

"मी काढतो," मी म्हणालो.

"नाही." सासरे उठले होते. चेहऱ्यावर काचेचं कवच, दुहेरी हातमोजे, पायाखाली रबराची सतरंजी. आणि एवढ्या सगळ्याच्या आत ते थरथरत होते, कवच हलताना दिसत होतं. "तुझे हात स्थिर आहेत म्हणून तू घाई करशील. माझे हलतात, मला प्रत्येक फेऱ्याला थांबावंच लागतं. ठकी, आकडी घे."

ठकी जागची हलली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिचे हात अजून खिशात होते. मघापासून.

"ठकी."

"येतच नाहीयेत बाहेर," ती म्हणाली. हसायचा प्रयत्न केला तिने, जमला नाही. मी तिची मनगटं धरून हात बाहेर काढले. गार होते. तिने आकडी घेतली.

"मी चिकटलो तर काय करशील?" सासऱ्यांनी पाठ न वळवता विचारलं.

"आकडीने ओढीन."

"हात?"

"लावणार नाही."

"मी हाका मारल्या तरी?"

तिने आकडीवरची मूठ बदलली.

"ठकी, मी तुझं नाव घेऊन हाका मारल्या तरी?"

"लावणार नाही."

"जावईबापू धावले तर?"

"त्याला आधी पाडीन."

"आणि वर जिन्यात आई उभी आहे, तिला?"

आम्ही वर बघितलं. सासूबाई खरंच उभ्या होत्या, ओला हात पदरात. केव्हा आल्या कुणास ठाऊक. "मी येत नाही खाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमचं बघा. बोलत बसू नका."

ते वाकले. पाना बोल्टवर बसल्याचा आवाज आला. एक फेरा, थांबणं. श्वास. एक फेरा, थांबणं. मी घड्याळ बघितलं नाही, पण टॅक्सीवाल्याने दोनदा "झालं का?" विचारलं, आणि दोन्ही वेळेला ठकी अशा आवाजात "बाहेर!" म्हणाली की तो दुसऱ्यांदा रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. आकडी सासऱ्यांच्या कमरेपासून वीतभर अंतरावर होती आणि हलत होती. बाप हलत होता, मुलगी हलत होती. मी मीटरची टोकं धरून उभा होतो आणि मनात एकच चाललं होतं, पाना सुटू नये, पाना सुटू नये.

पट्टी निघाली. पुढे मीटर हळूहळू उतरत शून्यावर आला. मी दोनदा लावून बघितला. ठकीने तिसऱ्यांदा लावायला सांगितला.

टॅक्सीवाल्याला सगळं दाखवल्यावर त्याचं हसू गेलं. "काल माझ्या मुलांनी धुतली गाडी," तो म्हणाला. "बॉनेट उघडून, पाईप घेऊन." आणि पुढे बराच वेळ तेच वाक्य परत परत म्हणत राहिला.

त्या रात्री जेवणं झाली नाहीत म्हटलं तरी चालेल. सासरे ताटावर बसून मला म्हणाले, "तिला माझं सगळं मिळावं असं वाटायचं. गॅरेज, अवजारं, सगळं. एक ही भीती सोडून." ठकी आत होती. खोलीत अंधार होता, आणि बटण तिच्या हाताशी होतं. मी आत जाऊन दिवा लावला तेव्हा ती म्हणाली, "बघत होते नुसती. लावतेच होते."

मला वाटलं, ती नोकरीला जाणार नाही. सासऱ्यांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी विषय काढला नाही. पण ठरलेल्या सकाळी ती आवरून जिना उतरली, गॅरेजमध्ये थांबली. सासरे फळ्यावरचे पाने उगाचच सारखे करत होते. दिलेल्या शब्दाला जागून बिचारे एक अक्षर बोलत नव्हते.

"बाबा," ती म्हणाली. "काल मी तिथे फोन करून विचारलं. आकडी नाहीये त्यांच्याकडे. मागवू म्हणाले."

"केव्हा मागवणार?"

"मागवू म्हणाले."

सासऱ्यांनी भिंतीवरची आकडी काढली, फडक्याने पुसली, तिच्या हातात दिली. माणसाच्या उंचीची ती वस्तू स्कूटरवर कशी न्यायची, म्हणून मी मागे बसलो. ठकी चालवत होती, मी मागे भाल्यासारखी आकडी उभी धरून. टायरवाला दुकानातून बाहेर आला, तोंड उघडलं, आणि ठकीचा चेहरा बघून मिटलं.

सर्व्हिस सेंटर चकचकीत होतं. मोठं, पांढऱ्या फरशीचं, एका ओळीत डझनभर गाड्या. पहिल्याच गाडीपाशी एक मुलगा मोजे न घालता बॉनेटमध्ये वाकलेला होता. मागे कुणीच नव्हतं. ठकीने माझ्या हातातून आकडी घेतली. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला, त्या दिवशी आरशात पाहिलेल्या सासऱ्यांच्या चेहऱ्यासारखा. ती पळाली नाही, चालत गेली, त्याला दिसेल अशा ठिकाणी उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात त्याच्याशी काहीतरी बोलली. मुलाने गोंधळून वर बघितलं. मग हात बाहेर काढले, आणि कुठे ठेवावेत ते न कळून तसेच हवेत धरले.

मी बसने परत आलो. दुपार होती. गॅरेजमध्ये दोन गाड्या उभ्या, गिऱ्हाईक खोळंबलेलं. सासरे बाकावर बसले होते, दोन्ही हात खिशात.

"काम नाही का, बाबा?"

त्यांनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे मान हलवली. "नवी आकडी येईपर्यंत डिकी उघडायची नाही," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "तिथे काय म्हणाली ती?"

"ऐकू आलं नाही," मी म्हणालो. "पण त्याने हात बाहेर काढले."

त्यांनी डोळे मिटले. हात मात्र खिशातच होते.